इंजिन ठणठणीत, पण सेल्फ मिळेना! सातारा-सांगलीतल्या जुन्या जीप दारात का उभ्या आहेत?

पाटणच्या खोऱ्यात, जावळीत, शिराळ्याच्या डोंगरी पट्ट्यात किंवा जत-आटपाडीच्या माळावर फिरलात, तर एक दृश्य हमखास दिसतं. गोठ्याशेजारी ताडपत्री टाकून उभी केलेली जुनी जीप. कुठे कमांडर, कुठे एमएम ५४०, कुठे मेजर नाहीतर आर्मडा, कुठे ट्रॅक्स. एखाद्या माजी सैनिकाच्या दारात लष्कराच्या लिलावातून आलेली जिप्सी. चौकशी केली की बऱ्याचदा कळतं ते असं, की इंजिन चालू आहे, गिअरबॉक्सलाही काही झालेलं नाही. अडलंय ते सेल्फवर, डायनामोवर, नाहीतर जळून गेलेल्या वायरिंगवर.

आता या गाड्यांच्या मालकांना हिशेब मांडावा लागतोय. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये नियम बदलले आणि २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांची नोंदणी पुन्हा करणं महाग झालं. हलक्या चारचाकीसाठी हे शुल्क १० हजार रुपये झालं, जीएसटी वेगळा. १५ ते २० वर्षांच्या गाडीला ५ हजार लागतात. एप्रिल २०२२ च्या आधी याच कामाला ६०० रुपये पुरायचे. पाठोपाठ २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. आधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. म्हणजे जुनी गाडी ठेवणं महाग झालं आणि दुरुस्त करणं थोडं स्वस्त झालं. फक्त तो स्वस्त झालेला भाग दुकानात असायला हवा.

खरी गोम इथेच आहे. नियम गाडीचं वय वर्षांत मोजतात. जीप उभी राहते ती मात्र वर्षांमुळे नाही, तर तिच्या विजेच्या भागांमुळे. आणि यात एक उलटी गोष्ट आहे. ३५ वर्षांची जीप चालू ठेवणं आज सोपं आहे, १५ वर्षांची अवघड.

जीप इथे हौसेची वस्तू नाही

पुण्या-मुंबईत जुनी जीप म्हणजे रविवारी बाहेर काढायची गाडी. सातारा-सांगलीत तिचं दुसरं नाव वडाप. ठरलेल्या फाट्यावर उभं राहायचं, माणसं भरली की निघायचं, वाटेत हात दाखवेल त्याला घ्यायचं. परवान्याच्या चौकटीत हे बहुतेकदा बसत नाही आणि आरटीओची कारवाईही अधूनमधून होते. तरीही जिथे एसटीच्या दोनच फेऱ्या आहेत, तिथे दवाखान्याला, बाजाराला आणि कॉलेजला जाणाऱ्यांचा भरवसा याच गाडीवर असतो. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप चालला, तेव्हा अनेक गावांचं दळणवळण वडापनेच धरून ठेवलं होतं.

त्यात या दोन जिल्ह्यांचा भूगोल बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातले माण-खटाव तालुके आणि सांगलीचे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ कायम दुष्काळी यादीत. एकीकडे महिनोन् महिने दमट हवा, दुसरीकडे बारीक धूळ. जीपच्या विजेच्या भागांना दोन्ही वाईट. पावसाच्या पट्ट्यात चॅसीला जोडलेली अर्थची वायर गंजते, तांब्यावर हिरवा थर येतो, दिवे मंद होतात आणि सेल्फ नुसता कट-कट करतो. धुळीच्या पट्ट्यात सेल्फ आणि डायनामोतले कार्बन, म्हणजे ब्रश, लवकर झिजतात. बिघाड वेगळे, पण गाडी जाते त्याच ऑटो इलेक्ट्रिशियनकडे.

आणि इथे बिघाड म्हणजे फक्त गैरसोय नाही. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी पुढे चालू करावी लागते आणि त्या वेळी तपासणी होते. या तपासणीत काय बघतात? हेडलाईट, ब्रेकलाईट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, मीटर. ही जवळपास सगळी यादी विजेची आहे. इंजिन कितीही गोड चालत असलं, तरी वायपरची मोटर मिळाली नाही म्हणून गाडी परत पाठवली जाऊ शकते. फिटनेस नाही, तर गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. पुढे अपघात झालाच, तर विम्याच्या दाव्यातही त्यावरून अडचण येते. रोजच्या कमाईवर कर्जाचा हप्ता भरणाऱ्या माणसासाठी हा एका मोटरचा प्रश्न राहत नाही.

जुन्या जीपला वीज लागते तरी किती?

मुळात फार कमी. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये ६ व्होल्टची यंत्रणा होती. त्यानंतर अमेरिकी लष्करासाठी आलेल्या एम-३८ मध्ये २४ व्होल्टची. महिंद्राने १९४७ पासून भारतात जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे आपल्याकडच्या नागरी जीप १२ व्होल्टवर स्थिरावल्या. लष्करी वापरातल्या काही गाड्या मात्र २४ व्होल्टच्या असतात. लिलावातली जीप घेताना हे न बघता १२ व्होल्टचे दिवे लावले की पहिल्याच रात्री उडतात.

एमएम ५४० सारख्या जीपमध्ये प्यूजो कंपनीच्या रचनेचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन होतं. हे इंजिन थंडीत चालू करायला हीटर प्लग लागतात, फिरवायला सेल्फ लागतो. पण एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरजच नाही. डिझेलचा पंप पूर्णपणे यांत्रिक. म्हणून तर अशा जीप धक्का मारून सुरू होतात आणि बॅटरी मेलेली असतानाही घाट चढून घरी येतात. गावाकडे वर्षानुवर्षं उतारावर जीप लावण्याची जी पद्धत आहे, तिचं कारण हेच.

पेट्रोल जीपचं थोडं वेगळं. तिला ठिणगीसाठी कॉइल, डिस्ट्रिब्युटर, सीबी पॉईंट आणि कंडेन्सर लागतो. तरी हे सगळे भाग असे, की उघडून डोळ्यांनी बघता येतात, कानशीने घासता येतात, टेस्ट लॅम्प लावून तपासता येतात.

दुसरी जमेची बाजू म्हणजे हे भाग एकट्या जीपचे कधीच नव्हते. लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ मध्ये मद्रासजवळ सुरू झाली आणि तिचे सेल्फ, डायनामो, वायपर मोटर देशातल्या कितीतरी गाड्यांत, टेम्पोंत आणि ट्रॅक्टरांत बसले. बंगळूरच्या मायको कंपनीचे, म्हणजे आजच्या बॉशचे, डिझेल पंप आणि प्लग तसेच. सात इंची गोल हेडलाईट हे तर सगळ्यात सोपं उदाहरण. जीप, अॅम्बॅसेडर, बुलेट आणि पुढे २०१० च्या थारपर्यंत दिव्याचं माप तेच राहिलं. त्यामुळे विट्याच्या किंवा कोरेगावच्या साध्या दुकानातही जीपचा हेडलाईट आजही मिळतो. जो भाग दहा गाड्यांना चालतो, तो बनवणं कुणी थांबवत नाही.

रिवाइंडिंगवाला नावाचा माणूस

सातारा-सांगलीत जुन्या जीप इतक्या टिकल्या, त्याचं आणखी एक कारण आहे आणि त्याचा गाड्यांशी थेट संबंध नाही. त्याचा संबंध उसाशी आहे.

कृष्णा-वारणेच्या काठी उपसा सिंचन वाढलं तशी पाण्याच्या मोटरी वाढल्या. मोटर आली की ती जळणार, आणि जळाली की तिची कॉइल पुन्हा भरणारा कारागीर लागणार. कराड, इस्लामपूर, पलूस, तासगाव, मिरज अशा गावांत रिवाइंडिंगची दुकानं उभी राहिली ती यातून. पंपाची मोटर भरणारा प्रत्येक जण सेल्फचं आर्मेचर भरू शकतो असं नाही. ते काम वेगळं आहे, दोन्हींच्या रचनेत फरक आहे. पण तांब्याची तार, वार्निश, इन्सुलेशनचा कागद आणि तारेची जाडी ओळखणारा डोळा हे सगळं इथे आधीपासून होतं. त्याला इथल्या कारखानदारीच्या परंपरेची जोड मिळाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात कूपर घराण्याने इंजिनं बनवली. लेथवर बुश काढून देणारा, शाफ्टला पितळी स्लीव्ह बसवून देणारा माणूस तालुक्याच्या गावात मिळणं, ही सोय सगळ्या महाराष्ट्रात नाही.

म्हणून या भागात जुन्या जीपचा सेल्फ सहसा बदलला जात नाही, तो बांधला जातो. कार्बन नवे, बुश नवे, बेंडिक्स बदलायचा, सॉलेनॉइड तपासायचा, अगदीच झालं तर आर्मेचर किंवा फिल्ड कॉइल भरून घ्यायची. बाहेरचं बिडाचं कवच चाळीस वर्षांपूर्वीचं आणि आतलं सगळं या वर्षीचं. वापरा आणि फेका हा प्रकार इथल्या गॅरेजला अजून पूर्ण पटलेला नाही.

अडचण अशी, की हे काम करणाऱ्यांची पिढी थकत चालली आहे. आर्मेचर हाताने भरायला वेळ लागतो आणि नव्या मुलांना त्यात पैसा दिसत नाही. त्यांना स्कॅनर लावून काम करायचं असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. समोर येणाऱ्या गाड्याच तशा आहेत.

एकच थार, दोन नशिबं

वय आणि आयुष्य यातला फरक समजून घ्यायचा तर २०१० ची थार बघायला हवी. महिंद्राने त्या वर्षी थार आणली ती दोन प्रकारच्या इंजिनांत. एक डीआय, २५२३ सीसीचं, यांत्रिक पंपाचं, ६३ अश्वशक्तीचं. दुसरं सीआरडीई, २४९८ सीसीचं, कॉमन रेलचं, १०५ अश्वशक्तीचं. बाहेरून बघितलं तर गाड्या भावंडांसारख्या. त्या वर्षीच्या गाड्यांची १५ वर्षं आता भरलेली आहेत, म्हणजे दोघींनाही नोंदणीचं नूतनीकरण लागतं. कायद्याच्या लेखी दोघी सारख्याच म्हाताऱ्या.

आता डीआय थारचा सेल्फ गेला, तर वरचीच गोष्ट. बांधून मिळतो. शिवाय महिंद्राच्या जुन्या जीप आणि बोलेरो याच घराण्यातल्या इंजिनांवर चालायच्या, त्यामुळे बरेच भाग इकडचे तिकडे चालतात.

सीआरडीईचं तसं नाही. कॉमन रेल इंजिनात डिझेल किती आणि कधी फवारायचं हे ईसीएम नावाचा छोटा संगणक ठरवतो. त्याला माहिती पुरवायला क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, रेल प्रेशर सेन्सर, पेडलवरचा सेन्सर असे बरेच जण कामाला असतात. यातला एखादा महत्त्वाचा गप्प बसला, की इंजिन बंद पडतं किंवा ताकदच देत नाही. अशा गाडीला धक्का मारून उपयोग होईलच असं नाही, कारण बॅटरीच मेलेली असेल तर ईसीएम जागाच होत नाही. सेन्सर भरून मिळत नाही, रिवाइंड होत नाही. तो विकत घ्यावा लागतो आणि बरोबर त्याच क्रमांकाचा घ्यावा लागतो.

ईसीएम गेला तर आणखी पंचाईत. भंगारातून तोच ईसीएम मिळवला तरी अनेक गाड्यांमध्ये किल्लीतल्या चिपचा संकेत त्याच्याशी जुळवलेला असतो. संकेत जुळला नाही की इंजिन सुरू होत नाही. चोरीपासून वाचवायला केलेली ही सोय १५ वर्षांनी मालकालाच बाहेर ठेवते. मग जुनं यांत्रिक पंपाचं इंजिन टाकून मोकळं व्हावं, असा विचार पुढे येतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलंय. कॉमन रेल काढून धूर ओकणारा जुना पंप बसवलेली गाडी तपासणीत पास व्हावी, अशी अपेक्षाही करू नये.

जिप्सी या दोन टोकांच्या मध्ये येते. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली ही गाडी आधी कार्ब्युरेटरवर चालायची, २००० मध्ये तिला १३०० सीसीचं एमपीएफआय इंजिन आलं. हे इंजिन मारुतीच्या एस्टीममध्येही होतं, त्यामुळे काही सेन्सर एस्टीमच्या नावाने शोधले की सापडतात. एप्रिल २०१९ पासून लागू होणाऱ्या सुरक्षा निकषांच्या तोंडावर सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी बंद झाली. पण लष्कराकडे ती मोठ्या संख्येने आहे आणि ताडोब्यासारख्या जंगलांत सफारीसाठी तीच पळते. एवढी मागणी असेपर्यंत तिचे भाग बाजारात राहतील. चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. उद्या तिथलं जंगल पर्यटन वाढलं, तर उघड्या गाडीची गरज इथेही लागेल आणि जिप्सीच्या सेन्सरला आणखी एक गिऱ्हाईक मिळेल.

भाग येतात कुठून?

सगळ्यात आधी शेजारच्या गावातून. सांगली-मिरज, कराड, कोल्हापूरच्या दुकानांत नेहमीच्या वस्तू मिळतात. नाही मिळालं तर पुण्याचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचं भंगार मार्केट आणि ऑपेरा हाऊसची दुकानं. त्याही पलीकडे दिल्लीचं काश्मिरी गेट, जिथून देशभर घाऊक सुटे भाग जातात, आणि मायापुरी, जिथे गाड्या सुट्या होतात. हरियाणातलं मंडी डबवाली तर जीप बांधण्यासाठीच ओळखलं जातं. हल्ली व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा, पैसे टाकायचे आणि पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीतून उतरवून घ्यायचं, असा व्यवहार चालतो.

यातला मोठा धोका म्हणजे नकली माल. नामांकित कंपनीच्या खोक्यात भलताच कंडेन्सर, हलक्या तांब्याचं आर्मेचर, प्लास्टिकचे गिअर असलेली वायपर मोटर. विजेच्या भागाची नक्कल ओळखणं कठीण, कारण बाहेरून तो अगदी तसाच दिसतो आणि बसवल्यावर चालतोसुद्धा. तो जळतो पंधरा दिवसांनी, घाटात. दुकानदार अशा वस्तू परत घेत नाहीत. इलेक्ट्रिकल मालाला गॅरंटी नाही ही पाटी काउंटरवर लावलेली असतेच.

म्हणून जुने मिस्त्री एक नियम पाळतात. जुना भाग हातात असल्याशिवाय नवा मागवायचा नाही. आणि त्यात दम आहे. सेल्फ मागवताना नुसतं कमांडरचा पाहिजे असं सांगणं पुरेसं नसतं, कारण त्याच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या काळात वेगळी इंजिनं आली. सेल्फच्या अंगावर पत्र्याची पट्टी असते, त्यावरचा क्रमांक, व्होल्ट आणि कंपनीचं नाव महत्त्वाचं. पट्टी गंजली असेल तर पिनियनचे दात मोजायचे, तो कुठल्या दिशेने फिरतो ते बघायचं, बोल्टच्या भोकांमधलं अंतर घ्यायचं. डायनामोच्या जागी नंतर अल्टरनेटर बसवलेला असेल तर (आपल्याकडे दोन्हींना डायनामोच म्हणतात, त्यामुळे गोंधळ ठरलेला) तो किती अँपिअरचा आहे आणि रेग्युलेटर म्हणजे कटआउट आत आहे की बाहेर, हे फोटोसोबत कळवायचं. दहा मिनिटांच्या या कामाने दिल्लीहून चुकीचं पार्सल यायचं वाचतं.

अनेकदा तर भाग बदलायची गरजच नसते. मंद हेडलाईट बघून लोक अल्टरनेटर बदलतात आणि दोष निघतो गंजलेल्या अर्थमध्ये. जुन्या जीपमध्ये हेडलाईटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. तीस वर्षांनी तो स्विच तापतो, वायर वितळते, कधी आगही लागते. मध्ये एक रिले आणि एक फ्यूज टाकला, तर स्विचवरचा भार जातो आणि दिवेही उजळ होतात. नव्या अल्टरनेटरपेक्षा हे कितीतरी कमी खर्चाचं काम आहे.

भंगार धोरणाने काय बदललं?

फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात गाड्या भंगारात काढण्याच्या धोरणाची घोषणा झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदणीकृत भंगार केंद्रांचे नियम आले. खासगी जीप १५ वर्षांची झाली म्हणून ती मोडलीच पाहिजे, असं हे धोरण म्हणत नाही. तपासणीत पास होत असेल तर ती चालू शकते. दिल्लीतल्या १० वर्षांच्या डिझेल गाड्यांच्या बातम्या वाचून इथले अनेक जण घाबरतात, पण तो नियम सातारा-सांगलीला नाही.

सरकारी गाड्यांचं मात्र वेगळं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते आणि ती नोंदणीकृत केंद्रातच मोडावी लागतात. लष्कर आणि अंतर्गत सुरक्षेच्या विशेष वाहनांना यात सवलत आहे. आता आठवून बघा, पूर्वी पोलीस, वन, आरोग्य, पाटबंधारे, जिल्हा परिषद या खात्यांच्या जीप लिलावात निघायच्या. कुणी अख्खी घ्यायचा, कुणी भागांसाठी घ्यायचा. सेल्फ, मीटर, वायपर मोटर, स्विच हे अस्सल, कंपनीचे भाग गावातल्या गॅरेजपर्यंत पोहोचण्याची ही मोठी वाट होती. ती आता आटली. प्रदूषणाच्या बाजूने बघितलं तर धोरण समजण्यासारखं आहे. जुनं डिझेल इंजिन हवा खराब करतं, यात वाद नाही. पण अस्सल जुने भाग बाजारातून कमी झाले की त्यांची जागा नकली भाग घेतात, आणि जळकी वायरिंग घेऊन घाटात उतरणारी जीप काही सुरक्षित नसते. याचा विचार धोरणात दिसत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांसाठी नवे पर्यावरण नियमही लागू झालेत. त्यात जुन्या गाड्यांच्या भंगाराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गाडी विकल्यावर तिचे सुटे भाग अमुक वर्षं मिळालेच पाहिजेत, असं सरसकट बंधन घालणारा कायदा मात्र आपल्याकडे नाही.

कंपन्यांना कुणी विचारलं नाही का?

विचारलं होतं. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५०० कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजना मिळू दिली जात नाही, असा ठपका होता. यादीत महिंद्रा, मारुती, टाटा अशी घराघरांतली नावं होती. पुढे प्रकरण अपिलांत गेलं. २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने काही कंपन्यांच्या बाबतीत ठपका कायम ठेवला, दंड मात्र बराच कमी केला.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. कंपन्यांनी स्वतःहून माहिती द्यावी, एवढ्यावर ते चालतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच याचा कायदा केला, की डीलरला मिळणारी तपासणीची माहिती आणि साधनं स्वतंत्र गॅरेजलाही विकत मिळाली पाहिजेत. इस्लामपूरच्या मिस्त्रीला थारचा ईसीएम किल्लीशी जुळवायचा असेल, तर त्याला नेमकी हीच गोष्ट हवी आहे.

पुराच्या पाण्यात दोन जीप

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. निम्मं शहर आणि पलूस-मिरज तालुक्यातली कितीतरी गावं पाण्यात होती. दारात उभ्या असलेल्या गाड्या कित्येक दिवस बुडून राहिल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच.

यांत्रिक पंपाची जीप पाण्याखाली गेली तर इंजिनमधलं पाणी काढायचं, तेल बदलायचं, सेल्फ आणि डायनामो उघडून उन्हात वाळवायचे, वायरिंगचा नवा सेट ओढायचा. काम मोठं, पण गावात होतं. कॉमन रेल गाडीच्या ईसीएममध्ये आणि कनेक्टरांमध्ये गाळाचं पाणी गेलं तर दोष लगेच दिसतही नाही. सहा महिन्यांनी एकेक सेन्सर दगा देऊ लागतो. आणि जुन्या गाड्यांचा विमा बहुतेकदा फक्त थर्ड पार्टी असतो. त्यात स्वतःच्या गाडीचं पुराने झालेलं नुकसान येत नाही. नदीकाठच्या गावात जुनी गाडी ठेवणाऱ्याने पॉलिसीचा हा एक रकाना पावसाळ्याआधी वाचून घेतलेला बरा.

ज्यांच्या जीपला येत्या वर्षात १५ किंवा २० वर्षं पूर्ण होतायत, त्यांच्यासाठी क्रम असा लावता येतो. नोंदणी संपायची तारीख आरसीवर असते. एमएच-११ म्हणजे सातारा, एमएच-५० म्हणजे कराड आणि एमएच-१० म्हणजे सांगली, त्या त्या आरटीओकडे शुल्क भरण्याआधी निदान दोन महिने गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. दिवे, हॉर्न, वायपर, मीटर यातलं काय बंद आहे याची यादी करून घ्या. दुर्मीळ भाग आधी शोधायला घ्या. हेडलाईट एका दिवसात मिळतो, आर्मडाची वायपर मोटर किंवा जिप्सीचा कॉम्बिनेशन स्विच महिनाभरही घेऊ शकतो. आणि दारात दुसरी, न चालणारी जीप पडून असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी तिचा सेल्फ, डायनामो आणि मीटर काढून कोरड्या पोत्यात बांधून ठेवा.